वल्हे मारता येणे वेगळे, शिकवता येणे वेगळे

सुटी जवळ आली की शाळेत शिबिरांची पत्रके येऊ लागतात. पूर्वी त्यांत किल्ले आणि तंबू असत. आता कयाकिंगही असते. पत्रक हातात घेऊन पालक आम्हा शिक्षकांकडे येतात आणि विचारतात, "सर, फी किती? जेवण हलाल आहे ना?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण पाण्यात उतरवणारा माणूस कोण, तो काय शिकला आहे आणि त्याची पात्रता कोणत्या पाण्यापुरती आहे, हे फारसे कोणी विचारत नाही. हा लेख त्याच प्रश्नाविषयी आहे.

आधी खेळाची ओळख करून घेऊ. कयाक म्हणजे अरुंद, हलकी होडी. तिच्यात पाय पुढे पसरून बसायचे आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे डावीउजवीकडे मारायचे. कॅनोमध्ये वल्ह्याला एकच पाते असते आणि वल्हवणारा बहुधा गुडघ्यांवर बसतो. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकपासून या शर्यती ऑलिंपिकमध्ये आहेत. शांत तळ्यात हा खेळ दहा वर्षांचे मूलही शिकू शकते. मात्र तीच होडी वाऱ्याच्या दिवशी समुद्रात नेली तर गोष्ट पार बदलते.

इंग्लंडने हे फार मोठी किंमत देऊन शिकले. 22 मार्च 1993 रोजी प्लिमथच्या एका शाळेचे आठ विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि एका साहस केंद्राचे दोन प्रशिक्षक कयाक घेऊन लाइम रीजिसहून निघाले. किनाऱ्याकिनाऱ्याने जवळच्याच चार्मथ गावी जायचे होते. शिक्षकांची होडी उलटली आणि एक प्रशिक्षक त्यांच्या मदतीला थांबला. दुसऱ्याने मुलांच्या होड्या एकमेकींना धरून ठेवायला सांगितले. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. आपल्या कोकणात ज्याला मतलई वारा म्हणतात, तशीच त्याची दिशा होती. त्याने मुलांना हळूहळू आत ढकलत नेले. होड्यांत पाणी भरले आणि मुले थंडगार समुद्रात पडली. जवळ रेडिओ नव्हता की संकटाचा इशारा देणारे फ्लेअर नव्हते. जेवणाची वेळ टळून गेली तरी तटरक्षकांना लगेच कळवले गेले नाही. चार मुले दगावली.

खटला उभा राहिला तेव्हा दोन्ही प्रशिक्षकांची पात्रता समोर आली. त्यांच्याकडे नवशिक्यांच्या पहिल्या पायरीचे, 'वन स्टार' प्रमाणपत्र होते. ते मिळवणाऱ्याला स्वतःची होडी शांत पाण्यात चालवता येते, एवढाच त्याचा अर्थ. खुल्या समुद्रात आठ मुलांना नेण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. केंद्र सोडून गेलेल्या प्रशिक्षकांनी आदल्या वर्षीच पत्र लिहून व्यवस्थापनाला सुरक्षेबद्दल सावध केले होते. 1994 मध्ये न्यायालयाने संचालकाला तुरुंगवास आणि कंपनीला दंड ठोठावला. 1995 मध्ये ब्रिटिश संसदेने मुलांना असे खेळ शिकवणाऱ्या केंद्रांसाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. मृत मुलांच्या आईवडिलांनी त्यासाठी नेटाने पाठपुरावा केला होता.

त्या देशात या खेळाची शिस्त बसवणारी संस्था 1936 पासून आहे. पूर्वीची ब्रिटिश कॅनो युनियन आज पॅडल यूके या नावाने काम करते. तिच्या रचनेत तीन वेगवेगळ्या वाटा आहेत आणि पालकांनी समजून घ्यायची गोष्ट तीच आहे.

पहिली वाट स्वतःच्या कौशल्याची. इथे पूर्वी एक ते पाच स्टार अशा पायऱ्या होत्या. आता 'स्टार्ट', 'डिस्कव्हर', 'एक्सप्लोअर' अशी सुरुवात होते आणि पुढे समुद्र, खळाळती नदी असे प्रकार वेगळे होतात. होडीत नीट बसणे-उतरणे, सरळ जाणे, वळणे, थांबणे आणि होडी उलटली तर न घाबरता बाहेर येणे हे यात शिकतात.

दुसरी वाट 'लीडर'ची, म्हणजे गटाला घेऊन जाऊन सुखरूप परत आणणाऱ्याची. त्याला हवामान आणि भरती-ओहोटी वाचता आली पाहिजे. उलटलेल्याला पाण्यातच पुन्हा होडीत बसवता आले पाहिजे. आज निघूच नये, हे सांगण्याची हिंमतही त्याच्यात हवी.

तिसरी वाट शिकवणाऱ्याची. तिच्यात आधी 'इन्स्ट्रक्टर', मग 'कोच' आणि त्यावर 'परफॉर्मन्स कोच' येतो. कोचची परीक्षा घेणारा किनाऱ्यावर उभा राहून खऱ्या शिकाऊंना तो कसे शिकवतो हे पाहतो. कोणाचे काय चुकते ते त्याला ओळखता येते का, एकाला समजले आणि दुसऱ्याला नाही तर तो काय करतो, हे तपासले जाते. बी.एड. केलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा प्रत्येक जण चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवू शकत नाही. हुनर असलेला माणूस उस्ताद होतो तो वेगळी तालीम घेतल्यावरच.

याशिवाय बचावाचे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण लागते. प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र तिथे साधारण तीन वर्षांनी नवे करावे लागते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत्येक पात्रतेला पाण्याची हद्द असते. 'इन्स्ट्रक्टर' शांत कालवा, लहान तळे अशा अगदी सुरक्षित पाण्यातच शिकवू शकतो. 'सी कयाक लीडर'लाही समुद्र मोकळा नसतो. वारा, प्रवाहाचा वेग आणि होडी किनाऱ्याला लावण्याच्या दोन जागांमधले अंतर या तिन्हींना मर्यादा आहे. अमेरिकेत 1880 साली स्थापन झालेली अमेरिकन कॅनो असोसिएशनही प्रशिक्षकांना एक ते पाच अशा पातळ्या देते. त्यामुळे "आमचे प्रशिक्षक सर्टिफाइड आहेत" या वाक्याला एकट्याला अर्थ नाही. कोणत्या पाण्यासाठी सर्टिफाइड, हे विचारावे लागते.

आपल्या देशात या तिन्ही गोष्टी एका व्यक्तीत पाहायच्या तर श्रीनगरच्या बिल्किस मीर यांच्याकडे पाहावे. दल सरोवरात सराव करून त्या भारताकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. पुढे राष्ट्रीय महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाच्या पंच मंडळात बसल्या. खेळाडू, प्रशिक्षक, पंच या प्रत्येक पायरीला वेगळा अभ्यास लागतो. मुलींना या खेळात पुढे काय, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

महाराष्ट्रात कोकणातल्या खाड्या, कोलाडची कुंडलिका नदी, धरणांचे जलाशय इथे हा खेळ वाढतो आहे. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले, ते दुःख आपल्यातले अनेक जण विसरलेले नाहीत. तिथे होड्या नव्हत्या, पण पाणी ओळखणारा माणूस सोबत असणे किती गरजेचे आहे, हे त्या दिवशी कळले. 2021 मध्ये राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि अशा संस्थांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला सांगितली. गोव्यात केंद्र शासनाच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जलक्रीडा चालवणाऱ्यांना जीवरक्षणाचे प्रशिक्षण मिळते.

पत्रक हाती आले की पालकांनी एवढे विचारावे. संस्थेची नोंदणी आहे का? पाण्यात सोबत येणाऱ्याचे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे, कोणत्या पातळीचे आणि कोणत्या पाण्यासाठीचे आहे? एका प्रशिक्षकामागे किती मुले? प्रत्येक मुलाच्या मापाचे लाइफ जॅकेट आहे का? ठरल्या वेळी गट परतला नाही तर किनाऱ्यावरचा कोणता माणूस, कोणाला, किती मिनिटांत फोन करणार? कागद दाखवायला टाळाटाळ झाली तर मुलाला पाठवू नये.

मुलींच्या कपड्यांची काळजी करणाऱ्या घरांसाठी दोन शब्द. या खेळात पूर्ण बाह्या आणि पूर्ण पाय झाकणारे कपडे चालतात, उन्हासाठी ते बरेही असतात. फक्त ते अंगासरशी असावेत. घोळदार कपडे भिजले की जड होतात आणि होडीतून बाहेर पडताना अडकतात. ओढणी नको. स्कार्फ घट्ट बांधून टोके आत खोचावीत. लाइफ जॅकेट सर्वांत वरून घालावे आणि त्याचे सगळे पट्टे लावावेत.

मुलांना पाण्यापासून दूर ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. आम्हालाही आमची मुले वल्हे हातात घेतलेली पाहायची आहेत. पण शाळेत शिक्षक नेमताना त्याची पदवी पाहिली जाते. मूल पाण्यात पाठवताना तेवढी विचारपूस तरी व्हायलाच हवी. फॉर्मवर सही करण्याआधी एक फोन करा आणि कागद मागून घ्या.