पापणी असलेली पाल

गिरगाव-लालबागच्या चाळींतील मुलांना पाल नवी नाही. गॅलरीतील ट्यूबलाइटजवळ संध्याकाळी एक थोराड पाल येऊन बसते, दुसरी जवळ आली की तिच्या अंगावर धावून जाते आणि मधूनच चुकचुकते. ही चुकचुक आपल्या शंकेवर शिक्कामोर्तब करण्यासाठी नसून इतर पालींसाठी असते. याच मुलांपैकी एखादा आता वर्गात विचारतो, "सर, लेपर्ड गेको पाळली तर?" चित्रात ती हसरी दिसते, ठिपके बिबट्यासारखे, स्वभाव शांत.

ही पालच, पण भिंतीवर चढणारी नव्हे. घरपालीच्या बोटांखाली अतिसूक्ष्म केसांच्या पट्ट्या असतात. हिच्या बोटांना नुसत्या नख्या. घरपालीच्या डोळ्यावर पारदर्शक पडदा असतो आणि तो ती जिभेने पुसते. हिला मात्र उघडझाप करणाऱ्या पापण्या आहेत. पाळली जाणारी जात पाकिस्तान-अफगाणिस्तानकडील कोरड्या, खडकाळ प्रदेशातली. ब्लाइथ यांनी १८५४ साली तिचे वर्णन केले. तिची एक भावंड जात महाराष्ट्रातही आढळते. सातपुड्यातील आणखी एका जातीचे वर्णन झीशान मिर्झा आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. विषारी समजून या पाली मारल्या जातात. प्रत्यक्षात त्यांना विष नसते. रानातून मात्र त्या पकडून आणू नयेत, आणि विकत घेण्यापूर्वीही वन विभागाकडे चौकशी करावी.

आता मुख्य मुद्दा. पाल स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करीत नाही. ती जागा बदलून तापमान राखते. म्हणून काचेच्या पेटीचे एक टोक ३१-३२ अंश सेल्सिअस आणि दुसरे २५ च्या आसपास ठेवतात, दोन्हीकडे लपायला आडोसा देतात. खाल्ले की ती उबेला जाते, कारण उबेशिवाय पचन नीट होत नाही. बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिलेली, म्हणून त्यांत चिंता उबेची. परळच्या पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात प्रश्न नेमका उलटा असतो: थंड कोपरा आणायचा कोठून? पावसाळ्यातही तेच. कात सुटण्यासाठी तिला एक ओलसर आडोसा लागतो. पण सगळी पेटीच दमट राहिली तर ती आजारी पडते. त्यामुळे जाळीचे झाकण आणि खेळती हवा हवी.

हे समजले की तिचे वागणेही वेगळे दिसू लागते. हातावर डोळे मिटून बसली म्हणजे लाडात आली, असे मुले म्हणतात. तळहाताची ऊब तिला मिळते, एवढेच खात्रीने म्हणता येईल. शेपटी सावकाश हलवीत असेल तर समोर भक्ष्य आहे किंवा ती बिथरली आहे. तेव्हा हात लावू नये. शेपटी तुटली तर पुन्हा येते, पण तिच्यात साठवलेली चरबी गेलेली असते. अंग भरलेले आणि शेपटी बारीक, असे सहसा होत नाही. शेपटी रोडावली की प्राणी उपाशी किंवा आजारी आहे असे समजावे.

खाणे जिवंत किड्यांचे: रातकिडे, झुरळे. त्यांवर कॅल्शियमची पूड लावावी लागते, नाहीतर हाडे मऊ होऊन पाय वाकतात. चाळीतील झुरळे देऊ नयेत. त्यांच्यावर कीटकनाशक फवारलेले असू शकते. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण पालींच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

वरच्या वर्गांना सांगण्याजोगी एक गंमत: या पालीत नर-मादी ठरते ते अंडे उबवण्याच्या तापमानावर. २६ अंशांना बहुतेक माद्या, ३२-३३ च्या सुमारास बरेचसे नर, आणि ३४ च्या वर पुन्हा बहुतांश माद्या!

ही पाल नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षे जगते. म्हणजे नववीतला मुलगा तिशीत पोचेल. तोवर दहावी, कॉलेज, नोकरी, कदाचित बदलीही. पेटीतील पाल ओरडून काही सांगत नाही. मी तरी त्या मुलाला आधी एक वही देईन. गॅलरीतील पाली महिनाभर पाहाव्या: दिव्याजवळची जागा कोणाकडे, किती वाजता येतात, पाऊस पडल्यावर किती दिसतात. शेपटीचा रंग-पोत अंगापेक्षा वेगळा दिसला तर ती पुन्हा फुटलेली शेपटी. त्यावरून एक पाल दुसरीपासून ओळखता येते.