कोऱ्या चहाची झडती

आपण चहा पितो म्हणजे नेमकं काय पितो? बरंचसं आलं, साखर आणि दूध. खुद्द चहा कसा आहे हे पाहायचं तर एकदा त्याला एकट्याला गाठायला हवं. घरातलीच नेहमीची पूड घ्या, शेजारून दुसरी एखादी चिमूटभर आणा आणि दोन पांढरे कप मांडा.

प्रमाण? शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पूड, म्हणजे साधारण एक लहान चमचा. उकळतं पाणी ओता, वर बशी झाका आणि सहा मिनिटं हात लावू नका. हे माझ्या मनाचं नाही. चव तपासण्यासाठी चहा कसा करावा याचं चक्क आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३. ते ज्यावरून आलं त्या ब्रिटिश मानकाला १९९९ साली विनोदी ‘इग नोबेल’ मिळालं. हसू येतं, पण दोन चहांची तुलना करायची तर दोघांना सारखंच वागवायला नको का? ही पद्धत चाखण्यापुरती. असा चहा प्यायला भलताच कडक लागतो. वर तवंग दिसला तर पुडीला नावं ठेवू नका. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यातला कॅल्शियम चहातल्या द्रव्यांशी जुळला की तो धरतो.

आता गाळा, आणि चोथा फेकू नका! चहाचे जाणकार आधी तोच पाहतात. घासलेल्या तांब्याच्या रंगाचा, उजळ चोथा म्हणजे चांगली खूण. मळकट काळपट असेल तर कारखान्यात काहीतरी बिनसलं होतं.

पण हिरव्या पानाला तांब्याचा रंग आला कुठून? वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तसंच इथेही घडतं. पानाच्या पेशीत एक विकर आणि तुरट द्रव्यं वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पान चिरडलं की ती एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि रंग पालटतो. आसामात १९३०च्या सुमारास आलेल्या सीटीसी यंत्रात दातेरी रोलरांची जोडी असते, त्यातला एक दुसऱ्याच्या कित्येक पट वेगाने फिरतो. पान त्यात असं फाटतं की तासाभराच्या आसपास सारा खेळ आटोपतो. आपल्या डब्यातले ते गोल, कडक दाणे त्याच यंत्रातले. या खेळातून निघतात सोनेरी थिआफ्लेविन आणि तांबूस-तपकिरी थिआरुबिजिन. रोज घशाखाली जाणाऱ्या या दुसऱ्याची रचना रसायनशास्त्राला अजून पुरती उलगडलेली नाही!

आता चव. चमचाभर चहा तोंडात घ्या, तोही चांगला आवाज करत, भुरका मारून. लहानपणी यावरूनच बोलणी खाल्ली असतील, पण जाणकार असाच पितात. भुरक्याने चहाचे तुषार उडतात आणि त्यांचा गंध घशामागून नाकात शिरतो. खात्री करायची? नाक चिमटीत धरून घोट घ्या. उरतो निव्वळ कडू-तुरटपणा. चिमूट सोडा, आणि चहा एकदम हजर! ज्याला आपण चव म्हणत होतो, तिचा मोठा हिस्सा नाकातच होता.

त्याहून मोठी गंमत तुरटपणाची. षड्रसांत त्याला मानाचं पान आहे खरं, पण तो मुख्यतः चव नसून स्पर्श आहे. लाळेतली प्रथिनं तोंड बुळबुळीत ठेवतात. चहातली द्रव्यं त्यांनाच पकडून त्यांच्या गुठळ्या करतात, वंगण जातं, आणि जीभ टाळूला घासू लागते. घोट गिळल्यावर जीभ टाळूवरून फिरवून पाहा. खरखर जाणवते ना? ती चटकन येऊन ओसरली तर चहा तरतरीत. हटवादीपणे चिकटून बसली तर नुसता राकट.

मग दूध घालून ही खरखर जाते कशी? दुधातलं केसीन हे प्रथिन मध्ये पडतं. चहाची द्रव्यं लाळेला सोडून त्यालाच धरतात. दोन्ही कपांत सारखंच, अगदी चमचाभर दूध सोडा. पांढरा ढग तळाशी जातो, उसळून वर येतो, पसरतो. मग रंग बघा. केशरी-सोनेरी झळाळी आली तर पुडीत दम आहे. करडा, निस्तेज झाला तर पुढच्या महिन्यात दुकानदाराकडे दुसरी मागा.

थोडा कोरा चहा मात्र बाजूला ठेवून गार होऊ द्या. कडक, चांगला चहा गार होताना गढूळ होतो. खराब झाला म्हणून ओतू नका! कॅफीन आणि थिआफ्लेविन थंडाव्यात एकमेकांना बिलगतात, त्याचा तो गढूळपणा, आणि जाणकारांच्या लेखी तो पुडीच्या ताकदीचा पुरावा. पटत नसेल तर तोच कप पुन्हा गरम करा: चहा नितळ!