मॅपलिथोवर शाई सारखी का बसत नाही?

मॅपलिथोसारख्या बिनलेपाच्या कागदावर गडद रंगाचा मोठा पट्टा छापला की तो बरेचदा ढगाळ दिसतो. कुठे गर्द, कुठे फिकट, मध्येच बारीक पांढरे ठिपके. पाठ्यपुस्तके, कादंबऱ्या, लेटरहेड हे सगळे याच जातीच्या कागदावर छापले जाते, त्यामुळे ही तक्रार छापखान्यांना नवी नाही.

ऑफसेट छपाईत कागदावर उतरणारा शाईचा थर जेमतेम 1 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. आर्ट पेपरवर चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा गुळगुळीत लेप असल्याने तेवढा थर पुरतो. मॅपलिथोवर मात्र लाकडाचे किंवा बगॅसचे (उसाच्या चिपाडाचे) तंतू जवळजवळ उघडेच असतात आणि त्यांच्यामधले खळगे शाईच्या थराहून कितीतरी खोल असतात. उंचवट्यांना शाई लागते, खळगे कोरडे राहतात. शिवाय लगदा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. कागद खिडकीसमोर धरला की त्यातले दाट-विरळ पुंजके डोळ्यांनाही दिसतात. दाट आणि विरळ जागा शाईतले तेल सारख्या प्रमाणात शोषत नाहीत, म्हणून पट्टा ढगाळतो.

दोष दिसताच शाई वाढवणे ही मशीनवरची सर्वांत महागात पडणारी सवय आहे. शाईच्या चावीला हात लावण्याआधी लागोपाठचे दहाएक शीट टेबलावर शेजारी शेजारी पसरून पाहावेत. फिकट डाग प्रत्येक शीटवर नेमका त्याच जागी असेल तर कारण मशीनमध्ये आहे: ब्लँकेट (प्लेटवरचा ठसा कागदावर उतरवणारे रबर), प्लेट किंवा रोलर. डाग दर शीटवर जागा बदलत असेल तर कारण बहुधा कागदात आहे. अशा वेळी थोडे शीट उलटे लावून दुसऱ्या बाजूवर छापून पाहावेत. बऱ्याच कागदांची, कागद बनताना जाळीकडे असलेली आणि वरची बाजू सारखी नसते, आणि एक बाजू शाई स्पष्टपणे चांगली घेते.

जागा न बदलणाऱ्या डागात पहिला संशय ब्लँकेटवर घ्यावा. दुमडलेला शीट आत गेला की रबर तिथे दबते आणि पुढे त्या जागी दाब अपुरा पडतो. ब्लँकेट बदलणे किंवा दबलेल्या जागेमागे पातळ कागदाचा तुकडा चिकटवणे हा त्यावरचा नेहमीचा उपाय. सगळाच पट्टा दाणेदार दिसत असेल तर ब्लँकेटखालचे पॅकिंग मायक्रोमीटरने मोजावे. खरबरीत कागदाला आर्ट पेपरपेक्षा थोडा जास्त दाब लागतो, पण तो मिलिमीटरच्या काही शतांश भागांनीच वाढवायचा असतो. जास्त झाला तर छपाईचे ठिपके पसरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आयरा रुबेल यांना कागदावरची ऑफसेट पद्धत गवसली, ती रबरावरून उठलेला ठसा थेट ठशापेक्षा स्वच्छ दिसल्यामुळे. खळग्यांत शिरणारे हे रबरच खरबरीत कागदाचा खरा आधार आहे, म्हणून त्याची निगा सर्वांत आधी.

ब्लँकेटनंतर प्लेट ओली ठेवणारे पाणी पाहावे. ते जास्त झाले तर शाईत मिसळून रंग धुतल्यासारखा फिका पडतो. प्लेट घाण धरू लागेपर्यंत पाणी हळूहळू कमी करावे आणि तिथून किंचित वाढवावे. फाउंटनच्या पाण्याचा पीएच साधारण 4.5 ते 5.5 ठेवतात. कॅल्शियम कार्बोनेट भरलेल्या कागदाची पूड पाण्यात उतरली की तो वर सरकतो, त्यामुळे लांबलचक कामात तो मधूनमधून तपासणे भाग असते.

पांढरे ठिपके हळूहळू वाढत जात असतील आणि ब्लँकेटवर बोट फिरवल्यावर (अर्थातच मशीन बंद करून) पिठासारखी पूड लागत असेल, तर ते सुटलेले तंतू आहेत. ब्लँकेट धुवावे आणि कमी चिकट शाई घ्यावी. चिकट शाई तंतू उपटून काढते.

हे सगळे ठीक असूनही पट्टा फिका वाटत असेल तर अपेक्षाच तपासावी. डेन्सिटोमीटरवर काळ्या शाईची घनता आर्ट पेपरवर 1.6 ते 1.8 भरते, तर बिनलेपाच्या कागदावर ती 1.0 ते 1.2 च्या आसपासच राहते. ती ओढूनताणून वाढवली की पाठीमागच्या शीटवर शाई लागते आणि अक्षरे भरतात. त्यापेक्षा फाइलमध्येच सोय करणे शहाणपणाचे. मोठ्या काळ्या पट्ट्याखाली 30 ते 40 टक्के सायन दिला तर खळगे झाकले जातात. चारही रंगांची बेरीज 300 टक्क्यांच्या आत ठेवावी. फोटोंच्या मधल्या छटा आधीच उजळ कराव्यात, कारण 50 टक्क्यांचा ठिपका या कागदावर पसरून 70च्या आसपास दिसतो. ओली शाई वाळल्यावर आणखी मंद होते, तेव्हा मंजुरीसाठी त्याच कागदावरचा वाळलेला नमुनाच मागावा.