दोन द्वीपांची एक शाळा

श्रोतेहो, शाळेला सुट्टी लागली की आपली मुले आजोळी जातात. तिथे परीक्षा नसते, पट नसतो, घंटा नसते. तरी महिन्याभराने मूल परत येते ते चार नव्या गोष्टी शिकून. मामाच्या घरची रीत निराळी, जेवणाची वेळ निराळी, बोलण्याची ढबही निराळी. त्या निराळेपणात राहायचे म्हणजे आपल्या घरची सवय जरा बाजूला ठेवावी लागते. हीच गोष्ट दोन देशांनी ठरवून, आखून केली तर तिला काय म्हणावे? तिकडे तिला ‘उन्हाळी शाळा’ म्हणतात. इंग्लंड आणि जपान या दोन देशांतील सोळा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी अशा शाळा भरतात. त्यांत काय चालते, त्यांची मुळे कुठे आहेत आणि त्यांपासून शिक्षकाने काय घ्यावे, हे आज पाहू.

प्रथम ‘उन्हाळी’ या शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आपला उन्हाळा चैत्र-वैशाखाचा, त्यांचा जुलै-ऑगस्टचा. जपानी शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, इंग्लंडमधल्या शाळांचे सप्टेंबरात. म्हणजे एकाचे वर्ष नुकते संपलेले असते आणि दुसऱ्याचे मध्यावर आलेले असते. पण जुलैच्या अखेरीस दोघांनाही सुट्टी लागते. पंचांगात दोन्हीकडचा मुहूर्त जुळावा तसे हे आठवडे जुळतात, आणि त्यातच ही शाळा बसवलेली असते.

अशी एक शाळा लंडनमध्ये 2015 साली सुरू झाली. तिचे नाव ‘यूसीएल–जपान यूथ चॅलेंज’. यूसीएल म्हणजे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन. 1826 साली स्थापन झालेली ही संस्था. साधारण दहा दिवस जपानी आणि ब्रिटिश मुले तिथे एकत्र राहतात, व्याख्याने ऐकतात, चर्चा करतात. आता तुम्ही विचाराल, लंडनमध्ये एवढी कॉलेजे असता हेच का निवडले? आणि 2015 हेच वर्ष का? त्याचे उत्तर दीडशे वर्षे मागे गेल्याखेरीज मिळत नाही.

त्या काळी जपानचे दरवाजे जगाला बंद होते म्हटले तरी चालेल. परदेशी व्यापारी काही बंदरांत येऊ लागले होते; पण जपानी माणसाने देश सोडून जाणे हा गुन्हा होता, आणि त्याला शिक्षा देहान्ताची. ही बंदी 1866 साली उठली. त्याआधी तीन वर्षे, 1863 साली, चोशू नावाच्या संस्थानातले पाच तरुण गुपचूप योकोहामाहून जहाजात बसले. त्यातल्या दोघांना वाटेत खलाशांची कामे करावी लागली. म्हणतात की, ‘आरमार शिकायला जातो’ असे सांगण्याऐवजी त्यांच्या तोंडून ‘जहाज हाकणे शिकायला जातो’ असा शब्द गेला. मग काय, कप्तानाने त्यांना डेक धुवायलाच लावले! भाषेचा एक शब्द चुकला आणि केवढी मेहनत पदरी पडली. चार महिन्यांहून अधिक प्रवास करून ते लंडनला पोचले.

यात एक मोठी नवलाची गोष्ट आहे. याच पाचांपैकी इतो, इनोउए काओरू आणि यामाओ हे त्याच वर्षी जानेवारीत एदो, म्हणजे आजचे तोक्यो, येथील ब्रिटिश वकिलातीची नवी इमारत जाळणाऱ्यांत होते. परक्यांना हाकून लावा, अशी तेव्हा हवाच होती. पण ज्याला हाकलायचे त्याची जहाजे आणि तोफा आपल्याहून बलवान आहेत, हे त्यांना कळत होते. आग लावून भागणार नाही, शिकले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. वर्ष सरायच्या आत आग लावणारे हात लंडनच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धरू लागले.

त्यांना घेतले कोणी? ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे तेव्हा इंग्लंडच्या चर्चच्या अनुयायांनाच सगळे दरवाजे मोकळे होते. युनिव्हर्सिटी कॉलेजने मात्र आरंभापासून धर्माची अट ठेवली नव्हती. तिथे अलेक्झांडर विल्यमसन नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. लहानपणीच्या आजारामुळे त्यांचा एक हात निकामी झाला होता आणि एक डोळाही गेला होता. या गृहस्थांनी नुसते शिकवले नाही. या मुलांपैकी काहींना आपल्या घरी ठेवून घेतले. विल्यमसनबाईंनी त्यांना घरच्यासारखे वागवले. फी भरली, पुस्तके दिली, की शिक्षण झाले असे आपण समजतो. पण परमुलुखात शिकणाऱ्याला पहिली गरज असते ती पानावर बोलावणाऱ्या माणसाची.

दोन वर्षांनी, 1865 साली, सात्सुमा संस्थानातले एकोणीस जण आले. त्यांत पंधरा विद्यार्थी होते, बाकीचे पुढारी आणि दुभाषे. हेही बंदी मोडून, खोटी नावे घेऊन निघाले होते. सात्सुमाची राजधानी कागोशिमा. 1863 च्या ऑगस्टात ब्रिटिश आरमाराने तिच्यावर तोफा डागल्या होत्या. शहराचा मोठा भाग जळाला होता. त्याला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. ज्यांनी आपले गाव जाळले त्यांच्याच गावी मुले शिकायला पाठवायची! त्यातला सर्वांत लहान मुलगा तेरा वर्षांचा होता. नागासावा कानाए हे त्याने धारण केलेले नाव. कॉलेजात बसण्याचे त्याचे वय नव्हते, म्हणून त्याला स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनला एका कुटुंबात ठेवून तिथल्या शाळेत घातले. त्याच्या आईच्या मनाची अवस्था कोणत्या पुस्तकात लिहिलेली नाही. ती तुम्हा-आम्हाला सांगावीही लागत नाही.

चोशू आणि सात्सुमा ही संस्थाने जपानात एकमेकांच्या उरावर बसलेली. पण लंडनच्या रस्त्यात त्यांची मुले भेटली, तेव्हा ती एकमेकांना प्रथम ‘जपानी’ म्हणून दिसली. चोशूच्या यामाओला ग्लासगोला जाऊन जहाजबांधणी शिकायची होती. प्रवासाला पैसे नव्हते. सात्सुमाच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक पौंड वर्गणी काढून त्याला दिली. मायदेशी दोन्ही संस्थानांचा समेट 1866 साली झाला. विद्यार्थ्यांची मने आधीच जुळली होती.

हे विद्यार्थी पुढे कोण झाले? इतो हिरोबुमी 1885 साली जपानचे पहिले पंतप्रधान झाले. त्यांच्याच मंत्रिमंडळात सात्सुमाचे मोरी आरिनोरी पहिले शिक्षणमंत्री झाले. इनोउए मासारू यांनी जपानात रेल्वे उभी केली. पहिला मार्ग 1872 साली तोक्यो ते योकोहामा असा सुरू झाला. एन्दो यांनी ओसाकाच्या टांकसाळीचा कारभार पाहिला. आणि यामाओ? ग्लासगोच्या गोदीत काम करताना त्यांनी मुकेबहिरे कामगार हातांच्या खुणांनी बोलत, इतरांच्या बरोबरीने काम करत असलेले पाहिले. जहाजे बांधायला गेलेला माणूस ही गोष्ट मनात घेऊन परतला, आणि 1871 साली अंध व बधिर मुलांसाठी शाळा काढा, अशी मागणी त्याने सरकारपुढे मांडली. अभ्यासक्रमात नसलेले शिक्षण ते हे.

पण सगळेच परतले नाहीत. चोशूचा यामाझाकी कोसाबुरो हा मागून आलेला विद्यार्थी 1866 साली क्षयाने लंडनमध्येच वारला. लंडनजवळ ब्रुकवूड येथे त्याची आणि आणखी तीन जपानी विद्यार्थ्यांची थडगी आहेत. विल्यमसन पती-पत्नीही त्याच दफनभूमीत विसावली आहेत. यूसीएलच्या आवारात 1993 साली एक स्मारकशिला उभारली गेली. तीवर चोशूचे पाच आणि सात्सुमाचे एकोणीस अशी चोवीस नावे कोरली आहेत. सात्सुमाच्या विद्यार्थ्यांच्या आगमनाला 2015 साली दीडशे वर्षे पुरी झाली. त्या उन्हाळ्यात ही नवी शाळा तिथेच का भरली, हे आता लक्षात येईल.

श्रोतेहो, इथेच थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण पुरी होणार नाही. एवढे जाणेयेणे झाले, 1902 साली दोन्ही देशांचा तहही झाला. तरीही 1941 साली ते एकमेकांवर तुटून पडले. सयाम–ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर हजारो ब्रिटिश युद्धकैदी हालहाल होऊन मेले, आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक आशियाई मजूर. आपल्या ईशान्य सीमेवर, मणिपुरात सांगशाक येथे, 1944 साली जपानी फौजेशी जे झुंजले त्यांत मराठा पलटणीचे जवानही होते. ज्यांच्या घरी ती तार आली, त्या गावांना हे युद्ध दूरचे नव्हते.

तर मग शिकून उपयोग काय झाला? याचा विचार केला पाहिजे. जुन्या विद्यार्थ्यांनी इंग्लंडकडून रसायन घेतले, रेल्वे घेतली, जहाज घेतले. ही विद्या एका बाजूने वाहत होती. एक देणारा, दुसरा घेणारा. विल्यमसन यांच्या घरात जे घडले ते एका घरात घडले. दोन्ही राष्ट्रांच्या घराघरांत घडले नाही. यंत्र उसने आणता येते, पण शेजार उसना आणता येत नाही. तो जोडावा लागतो, आणि पिढीगणिक पुन्हा जोडावा लागतो.

आजच्या उन्हाळी शाळांची रचना पाहिली म्हणजे हाच धडा तिच्यात दिसतो. लंडनच्या शाळेसारखीच विज्ञानाची एक कार्यशाळाही 2001 पासून भरत आली आहे, कधी इंग्लंडात, कधी जपानात. ती साधारण आठवडाभराची असते. तिथे मुले ओळीने बसून टिपणे घेत नाहीत. जपानी आणि ब्रिटिश मुलांचे मिश्र लहान गट करतात. प्रत्येक गट एका संशोधकाच्या हाताखाली एक खरे काम करतो आणि अखेरच्या दिवशी सर्वांसमोर ते मांडतो. मांडणी सगळ्या गटाची. त्यामुळे एकट्याने पुढे धावून भागत नाही.

खरी अडचण येते ती भाषेची. कामकाज इंग्रजीत. ब्रिटिश मुलाची ती घरची भाषा. तो विचार करता करता बोलतो. जपानी मुलगी इंग्रजी वाचते चांगले, व्याकरणही पक्के. पण चुकेल या धास्तीने तोंड उघडत नाही. शिवाय जपानी रीतीत गप्प राहणे म्हणजे अज्ञान नव्हे. पुरता विचार करून बोलावे, दुसऱ्याचे तोडू नये, ही सभ्यता. पहिल्या दिवशी ब्रिटिश मुलाला वाटते, हिला काही सांगायचेच नाही. जपानी मुलीला वाटते, याला काही ऐकायचेच नाही. दोघेही चांगले, आणि दोघांचाही गैरसमज! आपल्या खेड्यातले हुशार पोर शहरच्या कॉलेजात पहिले वर्ष असेच काढते; तेव्हा हे तुम्हाला वेगळे समजावून सांगायला नको.

यावर उपाय भाषणाने होत नाही, कामाने होतो. तराजू हातात आला, आकृती काढायची वेळ आली, आकडे जुळेनात, की दोघांच्या माना एकाच कागदावर वाकतात. शब्द अडला तर चित्र काढतात. त्यात दोघांच्या शिक्षणातला फरकही उपयोगी पडतो. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षानंतर मूल बहुधा तीन-चारच विषय घेते आणि त्यांत खोल जाते; जपानी मूल पुष्कळ विषय पुढेही शिकत राहते. एकाचा विहिरीसारखा अभ्यास, दुसऱ्याचा तळ्यासारखा. गटाला पाणी दोन्हींचे लागते.

आणि हीच शाळा जपानात भरते तेव्हा पारडे फिरते. दारात जोडे कुठे काढायचे, हेच ब्रिटिश मुलाला ठाऊक नसते. जेवणाआधी ‘इतादाकिमासु’ म्हणून अन्नाचा आदराने स्वीकार करायचा असतो. जपानी शाळांत मुले आपला वर्ग आपणच झाडतात, हे पाहून तो चकित होतो. काल जी मुलगी गप्प होती ती आज त्याला हळूच सांगते, असे नाही, असे. शिकवणारा शिकणारा झाला म्हणजे देवघेव पुरी झाली. आळीपाळीने पाहुणा आणि यजमान होणे, हे या शाळेचे मर्म आहे.

दुसऱ्या देशाकडून घेण्याची रीत आपल्याकडेही नवी नाही. तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक लहानशी पुस्तिका महर्षी कर्व्यांच्या हाती पडली, आणि 1916 साली पुण्याला स्त्रियांचे विद्यापीठ उभे राहिले. एका पुस्तिकेने एवढे होते, तर दहा दिवसांच्या सहवासाने किती व्हावे!

शिक्षक बंधुभगिनींनी यातून एक गोष्ट जरूर उचलावी. त्यासाठी लंडनला जायला नको की तोक्योला. कोकणातल्या शाळेची वीस मुले आणि विदर्भातल्या शाळेची वीस मुले यांना सुट्टीत आठ दिवस एकत्र आणावे. निम्मे दिवस इकडे, निम्मे तिकडे. नुसत्या सहली आणि भाषणे नकोत. विहिरीच्या पाण्याची पातळी मोजणे, गावची जुनी नावे गोळा करणे, असे एखादे काम दोघांच्या हाती द्यावे. गट मिश्र असावेत, आणि राहणे गावकऱ्यांच्या घरी असावे. जो पोरगा बोलत नाही त्याच्यासाठी गुरुजींनी जरा थांबावे, आणि जो फार बोलतो त्यालाही थांबायला शिकवावे. बाकीचे मुले आपसांत पाहून घेतील.