बुडालेली नाव वर काढावी का?

उबदार समुद्रात बुडालेले लाकूड टेरेडो पोखरून फस्त करतो. दिसायला हा प्राणी अळीसारखा, पण जातकुळी शिंपल्याची. गोव्याजवळच्या सुंची खडकापाशी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना एका जुन्या पोर्तुगीज जहाजाच्या तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात मिळाले. लाकडी सांगाडा मात्र उरला नव्हता. कॅनडात लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर रेड बे इथे नेमके उलटे घडले. इतिहास-संशोधक सेल्मा बार्कहॅम यांनी स्पेनच्या बास्क प्रांतातली जुनी दप्तरे चाळली, तेव्हा देवमाशाच्या तेलाने भरलेले ‘सान हुआन’ हे जहाज १५६५ मध्ये त्या बंदरात बुडाल्याचे उघड झाले. १९७८ मध्ये पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेच्या पाणबुड्यांना तिथे साधारण १० मीटर खोलीवर ओकचे एक जहाज सापडले. ते ‘सान हुआन’च असावे, असे मानले जाते. गारठ्यामुळे लाकूड खाणाऱ्या जीवांचा वेग मंदावतो आणि गाळाने झाकलेल्या लाकडाला प्राणवायू मिळत नाही, म्हणून ते चार शतके टिकले. एवढे टिकलेले लाकूड वर काढून संग्रहालयात ठेवावे, असे कुणालाही वाटेल. माझे मत याच्या विरुद्ध आहे. अशा नावेची खरी सेवा पाण्याखाली, मोजमापातून होते. ती वर काढणे हा अपवादच असावा.

रेड बेचे काम मी पुरावा म्हणून पुढे करतो. तिथल्या पाण्यात साध्या पोशाखात फार वेळ काम होत नाही, म्हणून वरून नळीने गरम पाणी पोशाखात सोडत ठेवले जाई. त्या उबेच्या बळावर पाणबुड्यांनी जहाज फळीफळीने सुटे केले. सुमारे ३००० तुकडे वर आले, त्यांची रेखाटने झाली, आणि त्यावरून १:१० प्रमाणाची प्रतिकृती उभी राहिली. मग ती लाकडे पुन्हा समुद्रतळाशी वाळूखाली पुरली गेली. वर जाड आच्छादन घालून त्यावर काँक्रीट भरलेले टायर ठेवले.

यावर पहिला आक्षेप स्वीडनच्या ‘वासा’चा. १६२८ मध्ये बुडालेली ही युद्धनौका १९६१ मध्ये वर काढली गेली आणि आज लाखो लोक ती डोळे भरून पाहतात, हे खरेच. पण त्याची किंमतही मांडायला हवी. आकसून तडकू नये म्हणून लाकडावर १७ वर्षे पॉलिइथिलीन ग्लायकॉल फवारत राहावे लागले. बंदराच्या घाण पाण्यातले गंधक लाकडात मुरले होते, त्यात बोल्टांचे लोखंड मिसळले. २००० च्या सुमारास लाकडावर आम्लाचे डाग उमटू लागले. ते लाकूड जपण्याचे काम अजून संपलेले नाही. एका राजाच्या जहाजासाठी देश एवढे करतो. कोळ्यांच्या नावेसाठी कोण करणार?

तरीही माझ्या मताला छेद देणारे उदाहरण रेड बेमध्येच आहे, आणि ते मला मोलाचे वाटते. त्या जहाजाच्या सांगाड्याखाली एक चालुपा चिरडलेली सापडली. चालुपा म्हणजे देवमाशामागे वल्हवत न्यायची, साधारण ८ मीटर लांबीची होडी. तिच्या खालच्या फळ्या कडेला कड भिडवून बसवलेल्या, तर वरच्या एकीवर एक चढवलेल्या. पाणी सहज कापावे आणि काठही भक्कम राहावेत, यासाठी एकाच होडीत केलेली ही दोन तऱ्हांची जोडणी मला त्या सुतारांच्या कसबाची साक्ष वाटते. ही होडी वर काढली, टिकवली आणि रेड बेमध्येच मांडली, ते योग्यच झाले. अशी नाव दुर्मीळ होती, तिचा आकार आवाक्यातला होता आणि पुढची जबाबदारी घेणारी संस्था आधीच उभी होती. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच अपवाद करावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. समुद्राचा तळ तरी कुठे सुरक्षित? नांगर आणि ओढजाळी सांगाडे मोडतात, हौशी पाणबुडे आठवण म्हणून तुकडे उचलतात, आणि अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत क्वागा शिंपल्यांचे थर जुन्या लाकडी जहाजांवर चढले आहेत. हे मला मान्य आहे. म्हणूनच पुरून ठेवणे म्हणजे सोडून देणे नव्हे. रेड बेला पुरलेल्या लाकडाची आणि भोवतीच्या पाण्याची वेळोवेळी तपासणी होत राहिली, कारण त्या कामासाठी माणसे नेमलेली होती. २००१ च्या युनेस्को करारानेही जागच्या जागी जतन हा पहिला पर्याय मानला. त्या पर्यायाला पहारा आणि पैसा दोन्ही लागतात, हे सरकारांनी गृहीत धरायला हवे. ‘लोकांना काय दिसणार?’ या प्रश्नाचे उत्तर स्पेनमधल्या पासाइयाने दिले आहे. तिथल्या अल्बाओला कार्यशाळेने त्याच मोजमापांवरून ‘सान हुआन’ पूर्ण आकारात, ओकच्या लाकडात बांधायला घेतले. बांधणाऱ्यांना रेखाटनात एखादा सांधा खटकला, तर पडताळून पाहायला मूळ लाकूड लॅब्राडॉरच्या वाळूखाली आहे.