कल्पित प्रदेशाचा नकाशा : कागदावरून संगणकावर

कल्पित नकाशा म्हणजे अस्तित्वात नसलेल्या प्रदेशाचा नकाशा. गावे मनची, पाण्याचा उतार मात्र खऱ्या भूगोलाचाच.

• पूर्वसूरी : स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मध्ये (१८८३) नकाशा आधी, कथा नंतर. ‘द हॉबिट’चे (१९३७) नकाशे खुद्द टॉल्किनने रेखाटले.

• पुणे जिल्ह्यातल्या केडगाव परिसरातला धडा : मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, दक्षिणेकडे भुलेश्वरची डोंगररांग. नद्या उतारावर एकत्र येतात. समुद्राकडे जाताना त्यांना फाटे फुटतात ते बहुधा त्रिभुज प्रदेशातच. नवशिक्यांच्या नकाशात नेमके हेच उलटे होते. सरावासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा (स्थापना १७६७) १:५०,००० स्थलदर्शक नकाशा उत्तम : १ सेंमी म्हणजे ५०० मीटर.

• हातकाम : आधी पेन्सिल, मग जलरोधक काळी शाई.

• स्कॅन : ३०० डीपीआयला ए४ पान २४८० × ३५०८ पिक्सेल. बारीक रेघांसाठी ६००.

• थर : रेघांचा थर वर, ‘मल्टिप्लाय’ या मिश्रण-पद्धतीत, रंग त्याखाली. नावे स्वतंत्र थरावर.

• सॉफ्टवेअर : रंगकामाला गिंप किंवा क्रिता, अक्षरांना इंकस्केप. तिन्ही मोफत.

• अक्षरे : देवनागरी नावांसाठी युनिकोड फाँटच वापरावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फाँट विनामूल्य मिळतात.