हलकी स्की : किती हलकी?

श्रीनगरला बदली झाल्याचा आदेश हाती पडला तेव्हा घरातील सर्वांनी पहिली चिंता केली ती थंडीची. सोलापूरच्या उन्हात वाढलेला माणूस तेथे तग कसा धरणार, हाच प्रश्न प्रत्येकाच्या मुखी होता. स्कीइंग हा शब्द तेव्हा माझ्याही मनात नव्हता. परंतु अवघ्या पन्नास किलोमीटरवर गुलमर्ग असताना चार हिवाळे केवळ कांगडी उबवत बसून काढणे मला जमले नाही. पहिल्या हिवाळ्यात प्राथमिक अभ्यासक्रम झाला, दुसऱ्यात गोंडोलाने वर जाऊन खाली उतरण्याचा सराव झाला आणि तिसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे २०२४ मध्ये, स्वतःच्या पायांनी चढून उतरण्याची ओढ लागली. त्याच वर्षी स्कीची निवड करताना माझ्या हातून जी चूक घडली, तिची ही हकीकत आहे.

या चढून उतरण्याच्या प्रकारास स्की टूरिंग म्हणतात. चढताना स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची केसाळ पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे. आज अंगोरा शेळीच्या केसांची, नायलॉनची किंवा दोहोंच्या मिश्रणाची असते. केसांचा कल मागच्या दिशेला असल्याने स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. बुटाची टाच मोकळी राहते आणि पुढचा भाग दोन लहान खिळ्यांच्या चिमट्यात अडकतो. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८०च्या दशकात शोधलेल्या या बंधनाने टूरिंगचे वजन एकदम उतरले. माथ्यावर पोहोचल्यावर पट्ट्या सोलून काढायच्या, टाच बंद करायची आणि उतरायचे. म्हणजे एकाच जोडीने दोन परस्परविरोधी कामे करायची असतात. चढाईत तिने हलके असावे आणि उतरणीत तिने बर्फाशी झगडावे, अशी आपली अपेक्षा असते. सारा पेच इथेच आहे.

परदेशी स्थायिक झालेल्या एका स्नेह्याकरवी मी जोडी मागविली. निवडीसाठी वीसेक स्कींची माहितीपत्रके मी तक्त्यात मांडली आणि अखेर वजनाचा एकच रकाना पाहून निर्णय घेतला. कर्जप्रस्ताव वाचताना एकाच रकान्यावर बोट ठेवणाऱ्या नवख्या अधिकाऱ्याची मी नेहमी थट्टा करतो. हे येथे कबूल केलेले बरे! एकेका स्कीचे वजन होते १,०५० ग्रॅम आणि मधल्या भागाची, म्हणजे कमरेची, रुंदी ८० मिलिमीटर. हातात घेताच मन प्रसन्न व्हावे अशी ती होती.

त्या वर्षी काश्मिरात ‘चिल्लई कलान’, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस, जवळजवळ कोरडे गेले. गुलमर्गची कुरणे जानेवारीत उघडी पडली होती. भरपूर बर्फ आला तो त्यानंतर. त्यामुळे मार्चच्या मध्यास डोंगरावर एकसारखा बर्फ कुठेच नव्हता. फरच्या झाडीत, सावलीत, पिठीसारखा भुसभुशीत थर होता. उन्हाच्या बाजूचा बर्फ दुपारी ओला होई आणि रात्री पुन्हा दगडासारखा गोठे. झाडीच्या वरच्या उघड्या उतारांवर वाऱ्याने बर्फ दाबून पापडासारखा थर तयार केला होता. हा थर उभे राहिल्यास पेलतो आणि वळण घेताना वजन पडले की फुटतो.

चढाई पाच तासांची होती. माझ्यासोबत एक अनुभवी स्थानिक मार्गदर्शक होते. रमजान सुरू झाला होता आणि त्यांचा रोजा होता. माझे पाऊल मात्र त्यांच्याही पुढे पडत होते. येथे एक बाब सांगावयास हवी. चढताना स्की उचलायची नसते, सरकवायची असते. तरीही पायाला बांधलेले वजन प्रत्येक पावलाला थांबवून पुन्हा पुढे ढकलावे लागते. अशी हजारो पावले टाकल्यावर तीनशे ग्रॅमचा फरक मांड्यांना अचूक कळतो. म्हणून हलकेपणाचे आकर्षण खोटे मुळीच नाही.

उतरणीत पहिलाच पापडी थर लागला आणि सारे चित्र पालटले. जड स्की असा थर फोडून आपल्या ओघाने पुढे जाते. माझी स्की त्याच्या प्रत्येक कडेला अडखळत होती, थरथरत होती, दिशा सोडत होती. तिसऱ्या वळणावर उजव्या स्कीचे टोक थराखाली शिरले आणि तेथेच रुतले. शरीर पुढे गेले, गुडघा मागे राहिला. बंधन सुटले, परंतु किंचित उशिरा.

तेथून झाडीपर्यंत आणि झाडीतून खाली पोहोचण्यास चार तासांहून अधिक वेळ लागला. काही ठिकाणी मार्गदर्शकांनी मला आधार दिला, काही ठिकाणी बसवून घसरत नेले. सूर्य मावळला तेव्हा आम्ही अजून झाडीतच होतो. त्यांनी खिशातून खजूर काढला, एक मला दिला आणि बर्फात उभ्यानेच रोजा सोडला. घरी त्यांची वाट पाहत असतील, असे मी ओशाळून म्हणालो. त्यावर ते इतकेच म्हणाले, “साहेब, चढताना तर आपण माझ्यापुढे होतात.” बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. त्या वर्षीचे ३१ मार्चचे हिशेब मी उजवा पाय स्टुलावर ठेवून पूर्ण केले.

पाय स्टुलावर असताना विचारास अवधी मिळाला. साधारणपणे ६५ मिलिमीटर कमरेच्या आणि आठशे ग्रॅमच्या आतबाहेरच्या स्की शर्यतीसाठी असतात. स्की गिर्यारोहणाच्या अशा शर्यती २०२६च्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिम्पिकच्या कार्यक्रमात प्रथमच आल्या. त्या खेळाडूंचे पाय आणि माझे पाय यांत फरक आहे. दुसऱ्या टोकाला १०५ मिलिमीटरहून रुंद आणि १,८०० ग्रॅमच्या पुढच्या स्की असतात. खोल, ताज्या बर्फावर त्या तरंगतात. मात्र गोठलेल्या आडव्या उतारावर रुंद स्कीची कड बुटापासून दूर पडते आणि पकड राखण्यास घोट्याला अधिक जोर लावावा लागतो. शिवाय पाच तास त्या ओढणार कोण? संमिश्र बर्फासाठी मध्यम शरीरयष्टीच्या, मध्यम कौशल्याच्या माणसास ८८ ते ९५ मिलिमीटरची कंबर आणि एका स्कीस १,३०० ते १,५०० ग्रॅम वजन योग्य ठरते, असे माझे मत झाले आहे. ज्याचे तंत्र पक्के आहे त्याने खुशाल आणखी हलकी घ्यावी.

आकारही तितकाच महत्त्वाचा. पुढचे टोक थोडे लवकर वर उचललेले असले तर ते थराखाली शिरत नाही, वर चढते. पायाखाली मात्र धनुष्यासारखा किंचित बाक हवा, म्हणजे कठीण बर्फात कडा पूर्ण लांबीने चावतात. आतील गाभा लाकडाचा असल्यास थरथर कमी होते. केवळ कार्बनच्या जोरावर वजन उतरविलेली स्की कडक असते, पण हादरे पायापर्यंत पोहोचवते. लांबी हनुवटीहून कमी नसावी. झाडीतील वळणांसाठी स्वतःच्या उंचीहून चार-पाच सेंटिमीटर आखूड मला सोयीची वाटते. स्किन कापताना धातूच्या कडा उघड्या राहतील एवढीच रुंदी ठेवावी. गोठलेल्या चढावर बुटाखाली लावण्याचे दातेरी लोखंड स्कीच्या रुंदीस बसेल असेच घ्यावे. ते बसत नाही हे डोंगरावर कळण्यात अर्थ नाही.

वजन वाचविण्याच्या नादात एका गोष्टीस हात लावू नये. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या साथीदाराचा ठाव सांगणारे यंत्र, शोधकाठी आणि फावडे ही तीन साधने प्रत्येकाजवळ हवीतच. अफरवटच्या उतारांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन पाहुणा हिमस्खलनात प्राणास मुकला.

पुढील वर्षी विकत घेण्याऐवजी मी तीन वेगवेगळ्या जोड्या एकेक दिवस भाड्याने वापरून पाहिल्या. आधीच करावयास हवे होते ते हेच. एप्रिल २०२५ मध्ये, ईद झाल्यानंतर, त्याच मार्गदर्शकांसोबत त्याच उतारावर गेलो. पायांत ९१ मिलिमीटरची, १,४०० ग्रॅमची जोडी होती. पापडी थर याही वेळी होता. माझी वळणे देखणी नव्हती, पण उभा राहून उतरलो. चढताना मात्र मला त्यांच्याहून पाऊण तास अधिक लागला होता. मी माथ्यावर पोहोचलो तेव्हा ते खडकाच्या आडोशाला बसून थर्मासमधील नून चहा दोन पेल्यांत ओतत होते.